मचव्याभोवतीची फेरी

“शाल कुणाच्या खांद्यावर टाकलीस?”

“अंतूमिस्त्रीच्या.”

“आणि त्याच्या आधल्या महिन्यात?”

“अंतूच्याच.”

“त्याच्या आधी?”

हरीशेठ चिडला. “बाबा, जो सगळ्यांत चांगलं काम करतो त्यालाच देणार ना? अंतूचा हात चांगला. त्याला मी काय करू?”

इसाकबाबा दर्ग्याच्या ओट्यावर बसून कापसाच्या वाती वळत होते. एक वात झाली. दुसरी झाली...

हरीशेठ गुडघा चोळत वाट बघत राहिला. टेकडीवर चढताना तो पायरीवर सपशेल घसरला होता. दर्ग्याजवळ उंडीचं मोठं झाड होतं. त्याची गोट्यांसारखी फळं पायऱ्यांवर सांडलेली असत. घाईत असलेल्या माणसाला ती दिसत नसत.

आणि हरीशेठ आज फार घाईत होता.

खाली खाडीच्या काठाला त्याचं आवार होतं. तिथं लाकडी होड्या आणि मचवे बांधले जात. हे आवार त्याच्या वडलांनी, अण्णा चोगल्यांनी उभं केलं होतं. अण्णा जाऊन चार वर्षं झाली होती. माणसं तीच होती, लाकूड तेच होतं, पण कामात पहिला जीव राहिला नव्हता. हे हरीशेठला कळत होतं. का राहिला नव्हता, ते कळत नव्हतं.

त्याच्या मेहुण्याचा शहरात कारखाना होता. तिथं दर महिन्याला एका कामगाराचा सत्कार करत. शाल, नारळ, टाळ्या आणि भिंतीवर फोटो. हरीशेठला ते पटलं. माणसाला मान हवा असतो, एवढं तर खरंच होतं. त्यानं आवारात फळा लावला आणि वर लिहिलं, ‘महिन्याचा मानकरी’. तीन महिने झाले. तिन्ही महिने फळ्यावर अंतूमिस्त्रीचाच फोटो होता.

तेव्हापासून तर काम आणखीच बिघडलं.

पूर्वी एकाचा लाकूड तासायचा वाकस बोथट झाला, तर शेजारचा त्याला न विचारता धार लावून द्यायचा. आता जो तो आपली हत्यारं पोत्याखाली ठेवू लागला. कुणी काही मागितलं की एकच उत्तर मिळे, “मानकऱ्याला विचार की!”

आणि आज तर कहर झाला होता. पौर्णिमेचं उधाण होतं. दुपारी बारा वाजता पाणी वरच्या दगडापर्यंत आलं. नवा मचवा ओंडक्यांवर तयार होता. खरेदीदार तांडेल माणसं घेऊन आला होता. आवारातल्या सोळा जणांनी दोर धरला, हाक दिली, आणि मचवा वीतभर सरकून जो थांबला तो हललाच नाही. पाणी आलं तसं गेलं.

“तांडेल म्हणाला, उद्याचं एक उधाण बघतो. उद्या नाही उतरला, तर पलीकडच्या बंदरातून दुसरा उचलतो,” हरीशेठ म्हणाला. “बाबा, हा मचवा गेला तर पुढचा कोण सांगणार मला? आवाराला कुलूप लागेल. अण्णांचं आवार...”

“दोर किती जणांनी धरला होता?”

“सोळा.”

“आणि ओढला किती जणांनी?”

हरीशेठ पुन्हा गुडघा चोळू लागला.

बाबांनी वात ताटलीत ठेवली. “तुझा बाप मचवा पाण्यात ढकलायच्या आधी त्याच्याभोवती फिरायचा. बघितलंयस ना?”

“बघितलंय. लाकडावर हात ठेवून फिरायचे. तोंडानं काहीतरी पुटपुटायचे.”

“काय?”

“काय की! मंत्र असेल. लोक उन्हात ताटकळायचे. भरती काय थांबते का कुणासाठी? मी ते बंद केलं.”

“काय पुटपुटायचा, ते न ऐकताच बंद केलंस?”

बाबा उठले. उंडीच्या झाडापाशी गेले. बुंध्यावर तळवा टेकवला आणि हळूहळू झाडाभोवती चालू लागले. तळवा साल सोडत नव्हता. मध्येच थांबायचे, ओठ हलायचे, पुन्हा चालायचे. एक फेरी पुरी करून ते ओट्यावर येऊन बसले.

“काय म्हणालात, बाबा?”

“तुला ऐकू नाही आलं?”

“नाही. मी इथं बसलो होतो.”

“हं,” बाबा म्हणाले आणि त्यांनी नवी वात वळायला घेतली.

हरीशेठ उतरताना जपून उतरला. पण डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. अण्णा काय म्हणायचे? लहानपणापासून किती मचवे उतरताना पाहिले! तेव्हा आपण कुठं होतो? पाहुण्यांच्या खुर्च्यांपाशी. सावलीत. दर वेळी.

आवारात माणसं घरी जायच्या तयारीत होती. भिकाजी ओंडक्यावर बसून विडी ओढत होता. फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठोकून भरायची, म्हणजे पाणी आत शिरत नाही, हे त्याचं काम. चाळीस वर्षं लाकडावर हातोडा ठोकून त्याचे कान गेले होते. त्यामुळे तो स्वतः मात्र सगळ्या खाडीला ऐकू जाईल असं बोलायचा. दोर ओढायची हाकही त्याचीच असे.

“भिकाजी, अण्णा मचव्याभोवती फिरताना काय म्हणायचे?”

“आं?”

“अण्णा! फेरी मारताना! काय म्हणायचे?”

भिकाजीनं विडी विझवली. “तुम्हाला नाही ठाऊक?” तो ओरडला. “अहो, माझं नाव घ्यायचे!”

“तुझं?”

“तर! सांध्यावर हात ठेवायचे न् म्हणायचे, ‘भिका, हा तुझा. नाळेपासून सुकाणवापर्यंत एक थेंब नाही येणार.’ मला सगळं नीट ऐकू यायचं.”

“आणि बाकी काय म्हणायचे?”

“बाकी काय ते मला नाही ठाऊक. माझ्यापुरतं सांगितलं.”

हरीशेठला नवल वाटलं. तो शेडच्या टोकाला गेला. तिथं द्वारकाबाई उरलेला कापूस गोळा करत होती. सांध्यांत भरायच्या लांब वाती तीच वळायची.

“अण्णा फेरी मारताना भिकाजीचं नाव घ्यायचे, खरं का गो?”

“भिकाजीचं?” ती हसली. “भिकाजीचं कशाला? माझं घ्यायचे. ‘द्वारके, वीस वाव वात वळलीस, एक गाठ सापडली नाही.’ अजून ऐकू येतं मला.”

“आणि भिकाजीचं?”

“घेत असतील बा. मी नाही ऐकलं.”

आता हरीशेठला राहवेना. तो एकेकाला गाठू लागला. कुणी पायात चपला सरकवत होता, कुणी विहिरीवर हातपाय धूत होता. फळ्या तापवून वाकवणारा म्हणाला, माझं नाव घ्यायचे. उंडीचं तेल चोपडणारा म्हणाला, माझं. ओंडक्यांना चरबी लावणारा म्हातारा तर डोळे पुसायला लागला. “चरबीवाल्याचं नाव कोण घेतो हो शेठ? पण अण्णा ओंडक्यावर हात ठेवायचेच...”

प्रत्येकानं आपल्यापुरतंच ऐकलं होतं. सगळं कुणीच ऐकलं नव्हतं.

शेवटी अंतूमिस्त्री उरला. फळ्याखाली, आपल्याच फोटोखाली तो पाठमोरा उभा होता. हत्यारं पुसत होता.

“अंतू, तुझं काय म्हणायचे अण्णा?”

“काय म्हणायचे...” अंतू थांबला. “शेठ, अण्णांचा तळवा फार वाईट होता. नुसता फिरायचा नाही. कुठं काही चुकलं असेल तर तिथंच अडायचा.”

“मग?”

“मग विचारायचे, हे कुणाचं?”

“आणि?”

अंतूनं हत्यारं पिशवीत भरली. “उशीर झाला,” म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच हरीशेठ आवारात हजर. पाणी पाऊण वाजता भरणार होतं. तांडेलही आला होता, मनगटावरचं घड्याळ फिरवत. बाकीचे शेडपाशी उभे होते. पाय जड, तोंडं बंद. कालचा दोर तसाच वाळूत पडला होता.

पाहुण्यांसमोर भाषण करायला हरीशेठला कधी भीती वाटली नव्हती. आज वाटत होती. त्यानं पायातल्या चपला काढल्या, मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेवर तळवा ठेवला आणि चालू लागला.

“ही फळी... ही महादूनं वाकवली. तीन वेळा तापवली. दोनदा तडकली, तिसऱ्यांदा बसली.”

महादूनं मान वर केली.

“हे तेल परशुरामचं. चार हात दिले. मी दोनच सांगितले होते.”

कुणीतरी खाकरलं. माणसं शेड सोडून दोन पावलं पुढं आली.

“ही वात द्वारकाबाईंची.”

“किती वाव ते सांगा की!” द्वारकाबाई पदराआडून म्हणाली.

“बावीस. आणि गाठ... गाठ मला दिसली नाही.”

“दिसेल कशी? असली तर दिसेल!”

माणसं हसली. हरीशेठही कसानुसा हसला. त्याचा हात सांध्यावर आला.

“हा सांधा भिकाजीचा.”

“आं?” भिकाजी ओरडला.

“हा सांधा भिकाजीचा!”

“ऐकू नाही आलं, शेठ!”

हरीशेठनं छातीत हवा भरली. “हा सांधा भिकाजीचा!!” पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

“अहो, पहिल्याच वेळी आलं होतं त्याला ऐकू,” महादू म्हणाला. “लबाड आहे तो.”

भिकाजी खाली बघून गालातल्या गालात हसत होता.

हरीशेठ पुढं सरकला. आता त्याला मजा वाटू लागली होती. इतकी वर्षं हा मचवा त्याला सबंध दिसत होता. आज तो तुकड्यातुकड्यांनी दिसत होता आणि प्रत्येक तुकड्याला एक तोंड होतं. तो मागच्या बाजूला आला. तळवा तिसऱ्या फळीवरून घसरत सुकाणवाजवळ गेला, आणि अडला.

बोटाएवढा उंचवटा. वरून तेल होतं, रंग सारखा होता. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण तळव्याला लागत होतं.

“हे कुणाचं?”

भिकाजी खाडीकडे बघू लागला. द्वारकाबाईनं पदर नीट केला. महादू पायानं वाळू उकरत राहिला.

तेवढ्यात हरीशेठच्या लक्षात आलं... हे सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना. काल सोळा जणांनी दोर धरला होता आणि हे सोळाही जणांना ठाऊक होतं.

त्यानं तळवा उचलला नाही.

“हे कुणाचं?”

तांडेलनं घड्याळाकडे पाहिलं. वारा आला, गेला...

“माझं,” अंतूमिस्त्री म्हणाला.

तो पुढं आला. फोटोतल्यासारखा ताठ नव्हता. “गिरमिट चुकलं, शेठ. भोक नको तिथं पडलं. पाण्याच्या रेषेखाली. मी वरून खुंटी ठोकली न् तेल फासलं.”

“टिकेल?”

“टिकलं तर टिकेल. लाकूड फुगलं न् खुंटी सुटली तर... आत माणसं असतील.”

“मला का नाही सांगितलंस?”

अंतूनं फळ्याकडे पाहिलं. तिथं तो शाल पांघरून हसत होता. “तीन शाली घरात आहेत, शेठ. चौथी आज मिळायची होती. कुठल्या तोंडानं सांगू?”

हरीशेठ भिकाजीकडे वळला. “तुझ्या सांध्याशेजारी भोक आहे. तुला दिसलं नव्हतं?”

“दिसलं होतं,” भिकाजी आज पहिल्यांदाच हळू बोलला. “मानकऱ्याला आम्ही काय सांगायचं?”

हरीशेठच्या डोक्यात तिडीक उठली. सगळे! एकूण एक सगळे! कालच मचवा उतरला असता तर? तोंडाशी शिव्या आल्या. पण हात अजून त्या उंचवट्यावर होता, आणि अण्णांचा हातही असाच कितीदा कुठं कुठं अडला असेल, हे त्याला एकदम आठवल्यासारखं झालं. मचवे मात्र सगळे उतरले होते.

“अंतू, किती वेळ लागेल?”

“आतून जाड फळीचा तुकडा बसवायचा, खुंटी नवी, सांधा उकरून पुन्हा भरायचा... एकट्याला दोन दिवस.”

“एकट्यानं करायला तू काय मसणात बसलायस?” भिकाजी खेकसला. “सरक! आधी माझा सांधा मला उकरू दे. तू हात लावलास तर आणखी एक भोक पाडशील.”

अंतू हसला की रडला, ते कुणाला नीट दिसलं नाही. सरकला एवढं खरं.

मग आवारात जे सुरू झालं ते हरीशेठनं चार वर्षांत पाहिलं नव्हतं. महादूनं आपल्या पोत्याखालचा नवा वाकस काढून अंतूच्या हातात दिला. अंतूनं तो उलटा करून धार बघितली आणि म्हणाला, “काय रे, यानं काय दाढी करतोस?” द्वारकाबाई वात वळू लागली. कुणी आत शिरला, कुणी बाहेरून दाब धरला. कुणी कुणाला विचारत नव्हतं, लागेल ते हातात येत होतं. तांडेल जरा वेळ घड्याळ बघत राहिला. मग त्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि दिवा धरायला आत गेला.

साडेबाराला भिकाजीनं सांध्यावरचा शेवटचा घाव घातला. पाणी वरच्या दगडाला टेकत होतं.

हरीशेठ मागच्या बाजूला गेला. नव्या तुकड्यावर तळवा ठेवला.

“हे अंतूचं,” तो म्हणाला. “भोकही आणि बुजवणंही.”

अंतूनं मान डोलावली. दोराच्या अगदी पुढच्या टोकाला जाऊन त्यानं तो मुठीत धरला. हरीशेठनं इकडं तिकडं पाहिलं. खुर्च्या सावलीत होत्या. तो मचव्याच्या मागं गेला आणि खांदा लावला.

भिकाजीनं हाक दिली. ती हाक टेकडीवर आपटून परत आली म्हणतात. ओंडके करकरले, चरबीचा वास सुटला आणि मचवा असा निघाला की महादूला दोर सोडून बाजूला उडी मारावी लागली. मचवा पाण्यात पडला, डुलला, स्थिर झाला.

तांडेल आत उतरला. मागच्या फळीशी वाकून त्यानं बराच वेळ हात फिरवला. मग वर बघून ओरडला, “कोरडं!”

उन्हं कलली तेव्हा हरीशेठ टेकडीकडे निघाला. काखेत शाल होती. अंतूसाठी आणलेली चौथी, अजून घडी न मोडलेली. फळाही त्यानं उतरवला होता आणि अंतूनंच तो चहाच्या भांड्यांवर झाकण म्हणून घेतला होता.

टेकडीच्या पायथ्याशी एक म्हातारी खराटा बाजूला ठेवून गुडघे चोळत बसली होती. शेजारी टोपलीभर उंडीची फळं होती. हरीशेठ तिला वळसा घालून दोन दोन पायऱ्या चढत वर गेला.

“बाबा! उतरला!”

“वरून दिसला.” इसाकबाबा वाती वळत होते.

“अण्णा काय म्हणायचे ते कळलं मला.”

“सगळं?”

“नाही... सगळं कसं कळेल? थोडंथोडं प्रत्येकाकडे आहे.”

“हं.”

हरीशेठ खाली बसला. त्याचे हात चरबीनं माखले होते. आज त्याला ते पुसावेसे वाटले नव्हते. “बाबा, सगळ्यांची नावं घेतली मी आज. एक राहिलं. तुम्ही नसता तर हे झालं नसतं.” त्यानं शालीची घडी मोडली आणि दोन्ही हातांनी पुढं धरली.

बाबांनी हातातली वात पुरी केली. ताटलीत ठेवली. शालीकडे पाहिलं, मग हरीशेठच्या गुडघ्याकडे.

“वर येताना आज पाय नाही ना घसरला?”

“नाही, बाबा.”

हरीशेठ म्हणाला खरा... आणि मग त्याची मान हळूहळू मागं, पायऱ्यांकडे वळली.

“मग ही शाल एवढ्या वर कशाला आणलीस?”